गाडीला घरच्या घरी स्प्रे सीलंट: फराटे न उठवता

पहिल्यांदा मी गाडीला सीलंट, म्हणजे रंगावर पातळ संरक्षक थर देणारा द्रव, मारलं तो मे महिन्यातला रविवार होता. सकाळी गाडी धुतली, जेवलो, थोडा आडवा झालो आणि दुपारी चारच्या सुमाराला बाटली घेऊन पार्किंगमध्ये उतरलो. गाडी काळी, उन्हातून नुकतीच सावलीत घेतलेली. अख्ख्या बॉनेटवर आठ-दहा फवारे मारले आणि घरातल्या जुन्या बनियनने पुसून काढलं. ट्यूबलाइटच्या उजेडात बॉनेट आरशासारखं दिसलं, मी खूश होऊन वर गेलो. दुसऱ्या दिवशी ऑफिसबाहेर सकाळचं तिरपं ऊन पडलं, तेव्हा माझ्या हाताचा प्रत्येक फेरा बॉनेटवर मोजता येत होता. शेजारच्या टेबलावरचा मित्र म्हणाला, "गाडीला खोबरेल तेल लावलंयस का?"

त्या एका दुपारी करता येतील तेवढ्या चुका मी करून ठेवल्या होत्या. त्यानंतर चार वर्षं दर तीन-चार महिन्यांनी हे काम करतोय, सोसायटीतल्या पाच-सहा गाड्याही केल्या. ज्यांना पहिल्यांदाच करायचंय त्यांच्यासाठी सगळं क्रमाने लिहितो.

आधी फराटा म्हणजे काय ते बघू

बाटलीतल्या द्रवात पाणी किंवा द्रावक असतं आणि त्यात थोडं पॉलिमर, हल्ली बहुतेक वेळा सिलिकावर आधारलेलं, म्हणून बाटलीवर 'सिरॅमिक स्प्रे' लिहितात. द्रावक उडून गेलं की पॉलिमरचा अतिशय पातळ थर रंगावरच्या पारदर्शक क्लिअर कोटला धरून बसतो. क्लिअर कोटच मुळात साधारण ४० ते ५० मायक्रॉनचा, म्हणजे डोक्यावरच्या केसापेक्षाही पातळ. त्यावर बसणारा सीलंटचा थर त्याच्याही कितीतरी पट पातळ. पृष्ठभागाला जेवढं धरता येतं तेवढंच तो धरतो, उरलेलं वर नुसतं पडून राहतं. ते पुसलं गेलं नाही की जागच्या जागी सुकतं आणि तेलकट, धुरकट किंवा इंद्रधनुषी पट्टा दिसतो. तोच फराटा. जास्त फवारे मारले की जास्त संरक्षण मिळतं हा समज आत्ताच सोडा. जास्त फवारे मारले की जास्त पुसावं लागतं.

आणि हेही सांगून ठेवतो: सीलंटने ओरखडे जात नाहीत, दगड उडून पडलेले टवके थांबत नाहीत. पाणी घरंगळतं, धूळ कमी चिकटते, पक्ष्यांची घाण पटकन निघते आणि रंग जरा खोल दिसतो. एवढ्यासाठीच हे करायचं.

बाटली घेताना

दुकानात आणि ऑनलाइन तीन जातींच्या बाटल्या एकाच रांगेत मांडलेल्या असतात. पहिली, कोरड्या गाडीवर मारून लगेच पुसायची. दुसरी, ओल्या गाडीवर मारून पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुऊन काढायची. तिसरी, ओल्या गाडीवर मारून टॉवेलने पाण्यासकट टिपायची. मागच्या बाजूची बारीक अक्षरं वाचल्याशिवाय यातली कुठली हातात आहे ते कळत नाही, आणि एकीची पद्धत दुसरीला लावली की फराटे ठरलेले.

तुमच्याकडे बादली आणि मग एवढंच असेल तर दुसऱ्या जातीच्या वाटेला जाऊ नका. ती धुवायला पाइपचा किंवा प्रेशर वॉशरचा जोर लागतो. मगाने ओतलेल्या पाण्याने जास्तीचा माल नीट निघत नाही, अर्धवट सुकतो आणि पट्टे उठतात. नवख्याने पहिली जातच घ्यावी. पुढच्या पायऱ्या तिच्याच आहेत.

मॅट, म्हणजे चमक नसलेल्या रंगाची गाडी किंवा मॅट रॅप (रंगावर चिकटवलेली फिल्म) असेल तर बाटलीवर तसा स्पष्ट उल्लेख हवा. आणि गाडीचं नुकतंच डेंटिंग-पेंटिंग झालं असेल तर थांबा. कारखान्यात रंग १४० अंशांच्या आसपास भाजून पक्का करतात, गॅरेजमध्ये एवढी उष्णता देता येत नाही, त्यामुळे आतलं द्रावक बाहेर पडायला काही आठवडे जातात. किती थांबायचं ते ज्याने रंग मारला त्यालाच विचारा. साधारण १ ते ३ महिने सांगतात.

लागणारं सामान

- स्प्रे सीलंट. एका हॅचबॅकला एका वेळेस ३०-४० मिली पुरतं, त्यामुळे मोठी बाटली घ्यायची घाई नको.
- मायक्रोफायबर कापडं, ३०० ते ४०० जीएसएमची (एका चौरस मीटर कापडाचं ग्रॅममधलं वजन), किमान सहा. कडेला जाड शिलाई नसलेली मिळाली तर उत्तम. लेबल कात्रीने कापून टाका, ते रंगावर ओरखडे काढतं.
- दोन बादल्या, धुण्यासाठी मायक्रोफायबरचा हातमोजा, गाडी टिपायला एक जाड टॉवेल.
- साधा कार शॅम्पू. 'वॉश अँड वॅक्स' लिहिलेला नको, तो स्वतःचा थर मागे ठेवतो.
- क्ले बार, म्हणजे रंगाला चिकटलेले कण उचलणारी मऊ मातीसारखी वडी, ५०-१०० ग्रॅमचा.
- आयसोप्रोपिल अल्कोहोल, ज्याला सगळे आयपीए म्हणतात, आणि इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड वॉटर.
- मोबाइलचा टॉर्च. टप पुसायला एक स्टूल.

कापडांबद्दल जरा थांबतो, कारण निम्मे फराटे तिथूनच येतात. नवीन कापड आणलं की आधी धुवा, त्यातून तंतू सुटतात. बेडशीट, टॉवेल अशा सुती कपड्यांसोबत मशीनला लावू नका. सुताचे कण मायक्रोफायबरमध्ये अडकून बसतात आणि मग काळ्या गाडीवर पांढरी लव दिसते. कपडे मऊ करणारं सुगंधी कंडिशनर तर अजिबात नको. ते तंतूंवर थर धरतं, कापड टिपेनासं होतं आणि द्रव नुसता इकडून तिकडे सरकवतं. इस्त्री नको, तंतू वितळतात. आणि ज्या कापडाने एकदा डॅशबोर्डला पॉलिश लावलं ते पुन्हा रंगावर आणू नका, कितीही धुतलं तरी. माझ्याकडे डॅशबोर्डची कापडं निळी आणि रंगाची पिवळी, घरात सगळ्यांना ताकीद दिलेली आहे. तरीही एकदा पिवळं कापड गॅसच्या ओट्यावर सापडलं.

पायरी १: दिवस, वेळ आणि जागा

सावली हवी, वारा नको, पत्रा गार हवा. मे महिन्यात उन्हात उभ्या काळ्या गाडीचा पत्रा ६० अंशांच्या पुढे जातो आणि सावलीत आणल्यावरही तासभर तापलेलाच राहतो. तळहाताची मागची बाजू बॉनेटवर ठेवा. कोमट लागली तरी थांबा. बॉनेटखाली इंजिन असतं हे विसरू नका. भाजी घेऊन आलात आणि लगेच सुरुवात केलीत तर बाकीची गाडी गार आणि बॉनेट गरम, असं होतं.

महाराष्ट्रात या कामाला सगळ्यांत सोयीचे महिने नोव्हेंबर ते फेब्रुवारी. पण डिसेंबरात पुणे-नाशिककडे पहाटे गाडीवर दव असतं, तेव्हा नऊ वाजेपर्यंत वाट बघा. नागपूर-अकोल्याच्या उन्हाळ्यात सकाळी सहाला सुरू करून आठला आटपावं लागेल. तिथे द्रव पुसायच्या आत सुकतो, ही अडचण.

मुंबई-कोकणात उलटं. दमट हवेत द्रावक लवकर उडत नाही. पुसल्यावर स्वच्छ दिसतं आणि पाच मिनिटांनी बघावं तर पुन्हा ढगाळ. तिथे राहत असाल तर एका वेळी निम्मी जागा घ्या, निम्मा द्रव वापरा आणि शक्य असेल तर पार्किंगमध्ये टेबल फॅन लावा. रत्नागिरीला मामाच्या गाडीवर हे करून बघितलंय. लोक हसले, पण फराटे आले नाहीत. पावसाळ्यात मात्र तिकडे हे काम काढूच नका.

पायरी २: धुणं, आणि पाण्याचं काय करायचं

एका बादलीत शॅम्पूचं पाणी, दुसरीत साधं. हातमोजा आधी साध्या पाण्यात खळबळून मगच शॅम्पूत बुडवायचा, म्हणजे माती पुन्हा गाडीवर जात नाही. वरून खाली यायचं, चाकं शेवटी आणि वेगळ्या फडक्याने. कपड्यांची पावडर वापरू नका. न विरघळलेले कण रंगावर घासले जातात.

आमच्याकडे बोअरचं आणि टँकरचं पाणी मिसळून येतं. असलं जड पाणी गाडीवर सुकलं की त्यातलं कॅल्शियम-मॅग्नेशियम पांढऱ्या गोल डागांच्या रूपात मागे राहतं. त्यावर सीलंट मारलं की डाग आत कोंडले जातात आणि आपण सीलंटला दोष देतो. म्हणून अर्धी गाडी धुऊन झाली की ती खंगाळा, सुकू देऊ नका, मग उरलेली अर्धी.

इथे पाणी वाचवण्याच्या नादात बरेच जण फसतात. आरओ फिल्टरमधून जे पाणी वाया जातं ते साठवून त्याने गाडी धुतात. हेतू चांगला, पण फिल्टरने गाळलेले सगळे क्षार त्याच पाण्यात असतात. ते नळाच्या पाण्यापेक्षाही जड. पहिल्या धुण्याला चालेल, शेवटच्या खंगाळण्याला नको. त्यासाठी एसीच्या पाइपखाली बादली ठेवून जमवलेलं पाणी फडक्यातून गाळून वापरा. हवेतली वाफ थंड होऊन पडलेलं असल्याने त्यात क्षार जवळजवळ नसतात. एक बादली पुरते.

जुने पांढरे डाग असतील तर गार पत्र्यावर पांढरं व्हिनेगर आणि पाणी निम्मं-निम्मं करून कापडाने लावा, मिनिटभर ठेवा आणि भरपूर पाण्याने धुवा.

पायरी ३: पिशवीत हात घालून बघा

धुतलेल्या ओल्या गाडीवर पातळ प्लॅस्टिकच्या पिशवीत हात घालून बोटं फिरवा. नुसत्या हाताला जे कळत नाही ते पिशवीतून कळतं. काचेसारखं गुळगुळीत लागलं तर पुढच्या पायरीवर जा. रव्यासारखं खरखरीत लागलं तर क्ले बार काढा. ब्रेकचे लोखंडी कण, डांबराचे ठिपके, झाडाचा चीक असं बरंच काही रंगाला चिकटलेलं असतं. खरखरीत जागी कापड अडतं, द्रव साचतो आणि फराटा उठतो.

क्ले नेहमी भरपूर शॅम्पूच्या पाण्यावर, जोर न लावता, सरळ रेषेत फिरवायचा. मळला की दुमडून नवी बाजू घ्या. जमिनीवर पडला तर सरळ कचऱ्यात टाका, धुऊन घेऊ असं म्हणू नका. वाळूचा एक कण अख्ख्या दारावर रेघ ओढतो. काळ्या गाडीवर क्लेने बारीक धूसरपणा येऊ शकतो, म्हणून गरज असेल तेवढ्याच जागी फिरवा. बांधकामाजवळ गाडी लावून सिमेंटचे थेंब बसले असतील तर त्यांवर क्ले घासत बसू नका, ते काम माहीतगाराकडे द्या.

पायरी ४: पाणी खरोखर संपलं का

टॉवेलने गाडी टिपली की कोरडी दिसते. मग तुम्ही दार पुसायला घेता आणि आरशाच्या सांध्यातून एक थेंब निघून ताज्या सीलंटवरून खाली ओघळतो. असे ओघळ मी फराटे समजून किती वेळा पुसलेत! पाणी दडून बसतं ते आरशांत, हँडलच्या खाचेत, पेट्रोलच्या झाकणात, डिकीच्या दिव्यांच्या कडेला आणि नंबर प्लेटच्या मागे. दारं, डिकी, झाकण सगळं उघडून आतल्या कडा टिपा. गाडी पार्किंगमध्येच दहा फूट पुढे नेऊन एकदा करकचून ब्रेक दाबा, बरंच पाणी बाहेर येतं. मग वीस मिनिटं दारं उघडी टाकून चहा प्या.

त्यानंतर आयपीए. १०० मिलीला ४०० ते ५०० मिली डिस्टिल्ड वॉटर मिसळून स्प्रे बाटलीत भरा. एकेका भागावर हलका फवारा मारून स्वच्छ कापडाने पुसा. जुनं वॅक्स, शोरूममध्ये लावलेलं पॉलिश, बोटांचा तेलकटपणा याने निघतो. हे ज्वलनशील आहे, जवळ सिगारेट-उदबत्ती नको, हवा खेळती हवी. गाडी अगदी नवी असेल तरी ही पायरी करा. डिलिव्हरीच्या दिवशी चमकवण्यासाठी त्यावर काय फिरवलंय ते आपल्याला माहीत नसतं.

पायरी ५: एका कोपऱ्यात चाचणी

पहिला फवारा बॉनेटवर कधीच नको. मागच्या दाराच्या खालचा हातभर तुकडा घ्या, तिथे मारा, पुसा आणि पाच मिनिटं थांबा. त्या पाच मिनिटांत आजची हवा, पत्रा आणि हातातली बाटली यांचं जमतंय का ते कळतं. पुसताना कापड चिकटल्यासारखं ओढलं गेलं तर द्रव फार लवकर सुकतोय, म्हणजे पत्रा गरम आहे. पुसल्यावर पुन्हा ढगाळ झालं तर फार उशिरा सुकतोय किंवा जास्त झालाय.

पायरी ६: फवारणं

बाटली चांगली हलवा. घड्याळ, अंगठी, पट्ट्याचं बक्कल काढून ठेवा. टपावर वाकताना बक्कल दारावर टेकतं.

गाडीचे दोन फूट बाय दोन फुटांचे तुकडे मनात पाडा. बॉनेटचे चार, टपाचे चार ते सहा, दाराचे वरचा आणि खालचा असे दोन. क्रम असा: टप, बॉनेट, डिकी, दारांचे वरचे भाग, मडगार्ड, दारांचे खालचे भाग, शेवटी बंपर. खालच्या भागात कितीही धुतलं तरी थोडी माती उरते, म्हणून तो शेवटी.

द्रव पत्र्यावर न मारता कापडावर मारा. बाटलीवर बहुधा पत्र्यावर मारायला सांगितलेलं असतं आणि अनुभवी माणसाला ते जमतं. नवख्याने मारलेल्या फवाऱ्यात मधोमध मोठे थेंब पडतात, कडेला धुकं जातं आणि त्यातलं थोडं काचेवर आणि ब्रेकच्या चकतीवर बसतं. काचेवर बसलं की वायपर कचकचतात आणि रात्री समोरच्या दिव्यांत काच धुरकट दिसते. ब्रेकच्या चकतीवर तर अजिबात जाता कामा नये. चाकांजवळ, काचेजवळ, काळ्या प्लॅस्टिकजवळ नेहमी कापडावरच मारायचं.

कोरडं कापड सुरुवातीला स्वतःच द्रव पितं, म्हणून पहिल्या तुकड्याआधी तीन-चार फवारे. त्यानंतर दर तुकड्याला एक, फार तर दोन. एका दाबात साधारण १ मिली निघतो असं धरा. अख्ख्या हॅचबॅकला तीस-पस्तीस दाब झाले की काम संपायला हवं. साठ झाले असतील तर उद्या सकाळी उन्हात कळेलच.

पायरी ७: पसरवणं आणि पुसणं

इथे घाई करू नका, पण रेंगाळूही नका.

कापडाची एकदा आणि मग परत एकदा घडी घाला. तळहाताएवढा चौकोन होतो आणि उलटसुलट करत आठ कोऱ्या बाजू मिळतात. पहिलं कापड पसरवायचं: आधी आडव्या रेषा, मग त्यांच्यावरून उभ्या, प्रत्येक रेषा आधीच्या रेषेवर थोडी चढलेली. गोल गोल फिरवू नका. गोल फेऱ्यांत मधे जागा सुटते, कडेला माल साचतो, आणि फराटा उठलाच तर तो नेमका कुठून सुरू झाला ते सापडत नाही. हात टेकवून नुसतं नेलं तरी पुरे, दाब द्यायचा नाही.

पसरवून झालं की लगेच, म्हणजे दहा-पंधरा सेकंदांत, दुसरं कोरडं कापड. हे जास्तीचा माल उचलतं. दोन फेरे मारा, घडी उलटा, पुन्हा दोन फेरे. हाताला फरक जाणवतो: आधी कापड किंचित धरल्यासारखं चालतं, मग एकदम सैल होऊन निसटायला लागतं. ते निसटणं म्हणजे पुसून झालं. तिसरं, जरा जाड कापड शेवटचा हलका हात फिरवायला. तोपर्यंत डोळ्याला काही दिसत नसतं, तरी फिरवा.

लोक चुकतात ते दुसऱ्या कापडाशी. टप आणि अर्धं बॉनेट होईपर्यंत ते ओलसर झालेलं असतं, पण हाताला जाणवत नाही. मग ते उचलायचं थांबतं आणि आधीच्या तुकड्यावरचा माल पुढच्या तुकड्यावर पसरवत जातं. म्हणून कापड गालाला लावून बघा. तळहाताला न कळणारी ओल गालाला कळते. गार लागलं की बाजूला टाका. मी पूर्ण गाडीत पुसायचीच तीन कापडं बदलतो.

आणि एका वेळी एकच तुकडा. आधी सगळीकडे मारून घेऊ, मग सगळं पुसू, हा हिशेब खिडक्यांच्या काचांनाही चालत नाही. शेजारच्या तुकड्याशी मात्र दोन बोटांएवढं एकमेकांवर चढवा, नाहीतर मधे कोरडी रेघ राहते आणि पावसात तेवढीच वेगळी दिसते.

पायरी ८: टॉर्च

पार्किंगच्या ट्यूबलाइटमध्ये फराटे दिसत नाहीत, याची साक्ष मी वर दिलेलीच आहे. मोबाइलचा टॉर्च पत्र्यापासून फूटभर अंतरावर तिरपा धरा आणि प्रकाशाच्या गोळ्याच्या कडेला बघा, गोळ्यात नको. उकिडवे बसून दारं बघा, बॉनेट समोरून वाकून बघा. पांढऱ्या आणि चंदेरी गाड्यांवर फराटे जवळजवळ दिसत नाहीत, म्हणून तुमचा शेजारी "मी तर असंच मारतो, काही होत नाही" म्हणाला तर आधी त्याच्या गाडीचा रंग बघा. काळा, गडद निळा आणि मरून हे खरे परीक्षक.

पायरी ९: पहिले २४ तास

बाटलीवर १२ तास असेल तर १२, नाहीतर पूर्ण दिवस गाडीवर पाणी पडू देऊ नका. थेंब कसे जमतात ते बघायला मगभर पाणी ओतायचा मोह प्रत्येकाला होतो. थांबा. दुसरा थर द्यायचा असला तरी दुसऱ्याच दिवशी. लागोपाठ दिलेला थर पहिल्याला विरघळवतो आणि हाती फराटेच येतात.

एक गोष्ट कुठल्याच बाटलीवर लिहिलेली नसते. रोज पहाटे गाड्या पुसायला येणाऱ्या काकांना आदल्या संध्याकाळी सांगून ठेवा. माझ्या दुसऱ्या प्रयत्नात सगळं जमलं होतं आणि पहाटे साडेपाचला काकांनी नेहमीच्या इमानाने, सोसायटीतल्या बारा गाड्या पुसलेलं ओलं फडकं माझ्याही गाडीवरून फिरवलं. त्यांचा काही दोष नव्हता, मीच बोललो नव्हतो. आता मी वायपरखाली चिठ्ठी ठेवतो, आणि त्यांना दोन मायक्रोफायबरही देऊन ठेवलेत, फक्त माझ्या गाडीसाठी. सुक्या धुळीवर सुकं कापड फिरवायचं नाही, एवढं मात्र दोन-तीनदा सांगावं लागलं.

तरीही फराटे आलेच तर

आधी ते फराटेच आहेत ना ते बघा. स्वच्छ बोट त्यावरून ओढा. रेघ उमटली किंवा पट्टा पुसट झाला, तर सीलंट. काहीच बदललं नाही आणि उन्हात कोळ्याच्या जाळ्यासारखे गोल दिसत असतील, तर ते जुने बारीक ओरखडे आहेत. त्यांना पॉलिश लागेल, सीलंटचा संबंध नाही. गोल पांढरी कडी असतील तर पाण्याचे डाग.

तासाभरात लक्षात आलं तर नुसतं कोरडं, कोरं कापड पुरतं. दुसऱ्या दिवशी दिसलं तर त्याच बाटलीतला एक फवारा कापडावर घ्या, फराट्यावरून सरळ फिरवा आणि लगेच दुसऱ्या कापडाने उचला. ताजं द्रावक सुकलेल्या जास्तीच्या मालाला पुन्हा सैल करतं. विचित्र वाटेल, पण दहातले आठ फराटे असेच जातात. आठवडा उलटून गेला असेल तर तेवढा भाग आयपीएने पुसून पुन्हा करा. त्यानेही हलत नसेल तर हाताने हलकं पॉलिश. नखाने, घासणीने किंवा पेट्रोलने काही करायला जाऊ नका.

किती दिवस टिकतं

बाटलीवर वर्षभर टिकेल असं लिहिलेलं असतं. उघड्यावर, उन्हात, रोज फडकं फिरणाऱ्या गाडीवर माझा अनुभव तीन-चार महिन्यांचा आहे. पाण्याचे टपोरे थेंब जमायचे थांबून पाणी सपाट पसरायला लागलं की पुन्हा करायचं. मी जूनच्या आधी एकदा आणि दसऱ्याच्या आधी एकदा हे नक्की करतो.

दसऱ्याच्या तयारीत असाल तर किमान दोन दिवस आधी करा, म्हणजे हळद-कुंकू लागेपर्यंत थर पक्का झालेला असतो. पांढऱ्या गाडीवर हळदीचा पिवळा डाग राहिला तरी घाबरू नका, उन्हाने तो फिका होतो. कुंकू मात्र त्याच संध्याकाळी धुऊन काढा, आणि झेंडूचा हार चिकटपट्टीने बॉनेटला लावण्यापेक्षा दोऱ्याने जाळीला बांधा.

मागच्या दसऱ्याला आईने ओल्या कुंकवाने बॉनेटवर स्वस्तिक काढायला घेतलं. पहिली रेघ ओढली आणि तिचे लगेच पाच-सहा लाल मणी झाले. दुसरी ओढली, तीही तशीच. आई माझ्याकडे वळून म्हणाली, "तुझ्या गाडीला गंध लागत नाही." शेवटी समोरच्या काचेच्या कोपऱ्यात काढलं. तिथे मी सीलंट मारत नाही.